दोरीखालचा खेळ

आमच्या वाडीत बॅडमिंटन खेळताना कुणी 'फॉल्ट' म्हणत नसे. 'लुगडं!' असं ओरडायचं. गिरगावातल्या त्या वाडीत दोन चाळी समोरासमोर होत्या. त्यांच्यामध्ये एक फरशीचा बोळ होता, आणि बोळावर या गॅलरीपासून त्या गॅलरीपर्यंत वाळत घालायच्या दोऱ्या. खालच्या दोऱ्यांवर पंचे, सदरे, परकर. सगळ्यांत वरची दोरी सोवळ्याची. तिच्यावर समोरच्या माईंचं नऊवारी लुगडं काठीने वाळत पडायचं, म्हणजे कुणाचा हात लागायला नको. आमचं फूल चुकून त्या लुगड्याला लागलं की माई गॅलरीत उभ्याच. "अगो, मेल्या कोंबड्याची पिसं ती! आता हे परत कोण धुणार?" धुवायचं जिने मारलं तिनेच. नळाला पाणी असो नसो. म्हणून नियम असा झाला की फूल वर गेलं आणि कपड्याला लागलं, की जी आधी बघेल तिने 'लुगडं!' ओरडायचं आणि गुण मारणारीच्या समोरचीला. पुढे पुढे तर लागायचीही गरज उरली नाही. फूल दोरीच्या वर चाललंय असं दिसलं की आम्ही 'लुगडं' म्हणून मोकळ्या, आणि वर बघून मनातल्या मनात देवाचा धावा.

खरं तर वाडीला चांगला चौक होता आणि चौकात चुन्याने आखलेलं कोर्टही होतं. पण संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि चौक संध्याकाळचा सभांना गेला. नेटचे खांब काढून त्या जागी कर्ण्याचे खांब आले, आखलेल्या रेघांवर सतरंज्या पसरल्या. कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती, आमचीही नव्हती. संचारबंदीचे दिवस आम्ही पाहिले होते. रस्त्यावरून गोळीबाराचा आवाज आला तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीची झडप लावून आम्हाला जमिनीवर बसवलं होतं. त्यानंतर चौकात खेळायला हवं असं म्हणणं शक्यच नव्हतं. मी आणि माझ्या वर्गातली मंदा, समोरच्या चाळीत राहणारी, आम्ही दोघींनी नेटऐवजी जुनं सुंभ बांधून बोळ गाठला. चौकातून भाषणं ऐकू यायची, टाळ्या पडायच्या, मध्येच "झालाच पाहिजे!" अशी आरोळी उठायची आणि आमचं फूल त्या आरोळीत टप् टप् करत राहायचं. घराघरांतून पोळ्या भाजल्याचा वास. सत्याग्रहाला वाडीतून तुकडी जायची असली की प्रत्येक घरातून पोळ्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी जायची. आई त्या दिवशी आमच्यासाठी पिठलं-भात टाकून मोकळी व्हायची, आणि पिठलंही असं करायची की सणाचं जेवण विसरावं.

दोन वर्षं दोरीखाली खेळल्यावर माझा खेळ काय झाला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. उंच मारणं बंदच. स्मॅश मारायला फूल वरून यावं लागतं, ते येतच नव्हतं. सगळं छातीच्या आणि गुडघ्याच्या मध्ये. मनगटाचा एक झटका, फूल सुंभाला घासून पलीकडे. किंवा जवळ उभं राहून नुसतं टेकवायचं, म्हणजे समोरची धावत येऊन फरशीवर गुडघे टेकते. मंदाचे गुडघे कायम सोललेले असत. "सुमे, तू खेळतेस की चिमटे काढतेस?" असं ती म्हणायची. वाडीच्या मंडळाच्या रॅकेटींपैकी मला जी आवडायची तिला बाकी कुणी हात लावत नसे, कारण ती हलकी, म्हणून बायकी समजली जायची.

आता आमच्या सोसायटीतली मुलं रॅकेट घ्यायची झाली की माझ्याकडे येतात. हातात जाहिरातीचे कागद असतात, त्यांवर वजनाचे, तारेच्या ताणाचे आकडे आणि न समजणारी इंग्रजी अक्षरं. मी ते कागद बाजूला ठेवते आणि विचारते, "तू कोर्टावर उभी कुठे राहतेस? मागे की पुढे? फूल तुझ्याकडे वरून येतं की समोरून?" एवढं कळलं की निम्मी निवड झाली. डोक्याकडे वजन असलेली रॅकेट मागून जोरात मारणाऱ्याची. मुठीकडे वजन असलेली, पटकन फिरणारी, ती पुढे उभं राहणाऱ्याची. मग मूठ हातात नीट बसते का पाहायचं, दांडा किती वाकतो ते पाहायचं, आणि सगळ्यांत शेवटी रंग. मुलं रंगापासून सुरुवात करतात. माझा दादाही तिथूनच सुरुवात करणार होता.

मॅट्रिकच्या वर्षी ड्रिलच्या बाईंनी शाळाशाळांच्या सामन्यांसाठी माझं नाव दिलं. सामने दादरच्या एका हॉलमध्ये होते. मंडळाच्या रॅकेटी बाहेर न्यायच्या नाहीत असा नियम, म्हणून मला स्वतःची हवी होती. अण्णा म्हणाले, "मॅट्रिकनंतर कुठे खेळायचंय तिला?" दादाला तेव्हा फोर्टात नवी नोकरी लागली होती. घोषणा देऊन देऊन त्याचा घसा कायम बसलेला. तो त्या बसक्या आवाजात म्हणाला, "पहिल्या पगारातून मी घेणार. पुढच्या तुकडीत माझं नाव आहे. मग मी इथे असेन, नसेन. आत्ताच घेऊन टाकू." त्यावर अण्णांनी होकार दिला. पण त्यांनी एक बजावून सांगितलं, "ती फुकट जाता कामा नये. कोपऱ्यात पडून राहिली तर मी देऊन टाकीन कुणाला तरी."

धोबीतलावाच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दादाच्या ऑफिसची क्रिकेटची मंडळी नेहमी जात, त्यामुळे दुकानदाराने आम्हाला बसायला स्टूल दिलं. दादाने शिरल्याशिरल्या एक हिरवी रॅकेट उचलली. जाड दांडा, डोक्याला भारी, नायलॉनची तार. त्याने ती हवेत अशी फिरवली की शेजारचे चेंडूंचे खोके खाली आले.

"ही बघ! स्मॅश बसला ना, समोरचीला फूल दिसणार नाही."

"मी स्मॅश मारत नाही," मी म्हणाले.

"बोळात मारत नाहीस. हॉलचं छप्पर बघितलंयस? देवळाच्या कळसाएवढं. तिथे माईंचं लुगडं नाही वाळत."

बोलणं खरं होतं, म्हणून मला राग आला. मी दुसरी उचलली. साधी, मधाच्या रंगाची, आतड्याची तार, बारीक दांडा. दांड्याच्या खाली बोट ठेवून मी ती तोलली तर ती मुठीकडे कलली. हिरवी त्याच जागी ठेवली तर ती डोक्याकडे कोसळली. मी सुंभासमोर उभी आहे असं समजून मनगट फिरवलं. हलकी माझ्याआधी पोचत होती. हिरवीला मी ढकलून नेत होते.

"हलकी नाजूक हां," दुकानदार म्हणाले. "आणि आतड्याची तार म्हणजे जपायचं काम. दमट हवा तिला चालत नाही."

शेवटी आमची तिथेच जुंपणार असं दिसलं, तेव्हा दुकानदारांनीच तोड काढली. दादा ओळखीचा, म्हणून शनिवारी दोन्ही घरी न्यायच्या आणि सोमवारी एक परत आणायची. तार तुटली तर ती विकत घेतली असं समजायचं.

रविवारी बोळात मी आणि मंदाने दोन्ही आळीपाळीने वापरल्या. मी माझ्या पद्धतीने एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली: आधी फक्त सर्व्हिस, मग फक्त जवळचं टेकवणं, मग डाव्या बाजूचे फटके, मग मंदाने अंगावर मारलेलं परतवणं. उंच मारून पाहायला आम्ही रस्त्यावर गेलो. उंच मारण्यात हिरवी सरस होती, त्यात शंकाच नाही. फूल थेट दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी. बाकी सगळ्यांत हलकी. आणि तिचा आवाज! नायलॉनची तार 'टक्' वाजायची, ही 'टण्' वाजायची, लहान घंटेसारखी. दोन्ही मुठींचा घाम मंदाने परकराला पुसला आणि निकाल दिला. "हिरवी दादाला दे. तो सभेत घोषणा देताना फिरवील."

दादा हसला आणि हरला. पण म्हणाला, "पुढे हॉलमध्ये हरलीस तर रडत येऊ नकोस."

रॅकेट घ्यायची ठरली, पण ती घरात कुठे राहणार हे कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीची एक भिंत समुद्राच्या वाऱ्याने कायम ओली, तिथे अण्णांच्या कोटालाही बुरशी यायची. आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि शेगडीशेजारी देव्हारा. घरात कोरडी जागा एकच, शेगडीच्या वरची खुंटी. तिथे पापडांचा डबा टांगलेला असायचा आणि त्यातले पापड ऐन आषाढात कुरकुरीत राहायचे. मी रॅकेट घेऊन तिथे गेले.

"कसली गं ही तार?" आईने विचारलं. "चकाकते छान."

मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "मेंढीच्या आतड्याची."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "शिव शिव! आणि ती माझ्या देवांच्या डोक्यावर?"

"मग मृदंगाला काय लावतात? चामडंच ना? देवळात चालतं ते?"

"देवळात चालतं. माझ्या स्वयंपाकात चालत नाही."

रॅकेट गॅलरीत गेली. चार स्क्रूंच्या लाकडी चौकटीत आवळून मी ती खिडकीच्या गजाला टांगली. भाद्रपद उलटला होता तरी हवेतली ओल गेली नव्हती, त्यात गॅलरीत वरच्या मजल्यावरच्या कपड्यांचं पाणी ठिबकायचं. चौकटीमुळे लाकूड वाकलं नाही. पण मी रोज सकाळी नखाने तार वाजवून पाहायचे, आणि 'टण्' हळूहळू उतरत 'टप्'वर आलं. घरात जागा नाही म्हणजे खेळालाही जागा नाही, एवढं मला समजत होतं. अण्णा काही मुद्दाम दुष्टपणा करणार नव्हते. मऊ पडलेली, कोपऱ्यातली रॅकेट ते शांतपणे उचलून कुणाला तरी देणार होते.

सामन्याच्या दिवशी आई दादरला आली. माझ्यासाठी नाही. मावशीकडे डोहाळजेवण होतं आणि हॉल वाटेवर होता. हातात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन ती दादा आणि मंदाशेजारी बाकाच्या टोकाला, आत्ता उठायचंच आहे अशी बसली. माझ्यासमोर कुलाब्याकडच्या एका शाळेची उंच मुलगी होती, पांढऱ्याशुभ्र स्कर्टमधली. मी घरी शिवलेल्या स्कर्टमध्ये. तिने पहिल्याच फटक्याला फूल छपराकडे पाठवलं. मी मान वर केली, आणि इतकी मोकळी जागा मी डोक्यावर कधी पाहिली नव्हती. एकही दोरी नाही. फूल खाली यायला किती वेळ लागतो, याचा अंदाजच येईना. ती मागे ढकलायची, मी धावायचे, माझा हलका फटका अर्ध्या कोर्टात पडायचा आणि ती स्मॅश मारायची. दादा म्हणाला होता तसंच.

पहिला गेम शेवटाला आला होता. तिने एक फूल असं उंच मारलं की ते दिव्याच्याही वर गेलं. माझं तोंड आपोआप उघडलं.

"लुगडं!"

आणि मी रॅकेट खाली करून, गुण आपलाच असं समजून, सर्व्हिसच्या जागेकडे निघाले. फूल माझ्या पाठीमागे, रेघेच्या पुष्कळ आत, टप्पकन पडलं. पंचांनी गेम तिला दिला. आधी कुणाला काही कळलंच नाही, मग मंदाला हसू फुटलं, मग हॉलमधल्या मराठी शाळांच्या बाकांना. समोरची मुलगी तिच्या बाईंना विचारत होती, "व्हॉट डिड शी से?" बाईंना ते इंग्रजीत सांगता येईना. मी आईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की लाजली होती, मला कळेना.

मध्यंतरात दादा आला. मला वाटलं, आता 'सांगितलं होतं' म्हणणार. त्याने पाण्याचा पेला पुढे केला. "एवढं घाबरतेस त्या माईंना? मग दोरी बांधून टाक ना इथेही."

त्याने ते थट्टेने म्हटलं होतं. पण मला ते पटलं. दुसऱ्या गेमला मी नेटच्या वर हातभर अंतरावर मनातल्या मनात एक दोरी बांधली आणि तिच्यावर माईंचं ओलं लुगडं टाकलं. माझं कुठलंच फूल त्याला लागता कामा नये. उंचावर मी तिच्याशी खेळणारच नव्हते. बुटकी सर्व्हिस, सपाट फटका, नेटशी टेकवणं. खालून आलेलं फूल तिला उंच मारायला वाकावं लागायचं, आणि तिला वाकायची सवय नव्हती. जिथे रॅकेट क्षणभर आधी पोचावी लागते तिथे माझी पोचत होती. तो गेम मी घेतला. मंदा बाकावर उभी राहून ओरडत होती, "काढ चिमटे! काढ!"

तिसऱ्या गेमला तारेने दगा दिला. इतका वेळ जोर दिल्यावर ती आणखी सैल झाली. नेटशी टेकवलेलं फूल कधी तारेतच झोपायचं, कधी हातभर लांब उडायचं. कुठे पडेल ते माझ्या हातात राहिलं नाही. थोडक्यात हरले. ड्रिलच्या बाईंनी माझ्या हातातून रॅकेट घेतली, तळव्याने तार दाबली. "सुमन, ही रॅकेट आहे की पिठाची चाळण? खेळ बरोबर आहे तुझा, रॅकेटही बरोबर आहे. दिवाळीनंतर परत सामने आहेत. दुकानातून तार पुन्हा ओढून घे आणि कोरडी ठेव." आई डोहाळजेवणाला जायची ती डबा मांडीवर घेऊन तिथेच बसली होती. तिने हे ऐकलं.

परतीच्या ट्राममध्ये आम्ही चौघं. मावशीकडे आईने फक्त डबा दिला होता आणि ओटी भरून ती लगेच निघाली होती. परळ, लालबाग मागे जात होतं, भिंतीभिंतीवर डांबराने लिहिलेल्या घोषणा. गिरण्यांची पाळी सुटली होती, म्हणून ट्राम मुंगीच्या पावलाने. दादाने रॅकेट हातात घेऊन तोलून पाहिली. मग म्हणाला, "हिरवी घेतली असती तर पहिला गेमही गेला असता आणि दुसराही." माझ्या आयुष्यात त्याने माझं एवढं कौतुक पुन्हा केलं नाही.

आई म्हणाली, "आणली त्या दिवशी ती घंटेसारखी वाजत होती. आज गोणपाटासारखी वाजत होती. का गं?"

"गॅलरीतली ओल, आई."

"हं," ती म्हणाली.

दादाने तार ओढून आणली आणि त्याच आठवड्यात तो तुकडीबरोबर गेला. त्या दिवशी आईने पोळ्या नेहमीपेक्षा जास्त केल्या, तव्यावरून नजर वर केली नाही. दुपारी ती जुन्या ट्रंकेशी बसली. पूजेला नेसायचं तिचं रेशमी लुगडं विरलं होतं, नुसते काठ धड होते. ते तिने मांडीवर घेतलं, कात्री चालवली आणि रॅकेटच्या मापाची पिशवी शिवायला घेतली. मी बघत उभी.

"आई, ते सोवळ्याचं आहे."

"म्हणूनच. रेशमाला विटाळ नसतो." तिने दाताने दोरा तोडला. "आणि तुमच्यात लुगड्याला लागलं की औट ना? मग ही लुगड्यात घातली की औट. देवांनी हिच्याकडे बघायचं कारण नाही."

पापडांचा डबा तिने खाली काढला आणि पिशवी शेगडीवरच्या खुंटीला अडकवली. अण्णा संध्याकाळी आले, त्यांनी खुंटीकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पंचा घेऊन नळावर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसले होते. चौकात सभेच्या सतरंज्या झटकल्या जात होत्या. मध्येच आतून आवाज आला, बारीक, स्वच्छ: टण्. मी वाकून पाहिलं. आईने पिशवीचं तोंड जरा उघडलं होतं आणि ती नखाने तार वाजवून पाहत होती. पुन्हा एकदा, टण्. मग तिने पिशवीची नाडी ओढली, हात धुतले आणि फोडणी टाकली.